भाषांतर, साक्षांकित

वास्कोच्या कोर्टामागं माझं टेबल.
पोर्तुगीज कागद मी इंग्रजीत उतरवून देतो,
पानाला दीडशे, शिक्का वेगळा.
बहुतेक जन्मदाखले. जमिनीचे वाद. कुणाच्या पणज्याचं लग्न.

क्लेमेंसिना कुलासो चिखलीहून आली
बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन.
म्हणाली, पेन्शनवाले विचारतात,
कंपनी होती याला पुरावा काय?

कंपनी होती.
लीन्यास त्रेस रिओस, तीन नद्यांची विमानं,
ब्राझीलच्या पोटात, जिथं रस्ता पावसाबरोबर वाहून जायचा.
सत्तेचाळीस साली लढाईतली दोन जुनी डकोटा घेऊन
कुणा रबराच्या व्यापाऱ्यानं मांडलेला संसार.
तिसरं विमान मोडीतून घेतलं, सुट्या भागांसाठी.
बोनिफास कुलासोनं ते उडतं केलं.
हे मी नाही म्हणत, एकोणसाठच्या पगारचिठ्ठीवर आहे:
बक्षीस, एका विमानाबद्दल.

वेळापत्रक एका पानाचं.
मंगळवारी पोर्तो कालादो, आल्देया नोवा, बार्रो प्रेतो.
शुक्रवारी तेच उलट.
खाली बारीक अक्षरात: नदी उतरली तर.

मालाची वही जाड.
बर्फ, टपाल, परीक्षेचे पेपर,
दाताचा डॉक्टर त्याच्या खुर्चीसकट,
कोंबड्या एकोणीस, पोचल्या अठरा.
एक लहान शवपेटी, वजन लिहिलेलं,
भाड्याची जागा कोरी.

धावपट्टी तांबड्या मातीची.
दाबोळीच्या पठारासारखीच, तो पत्रात लिहितो,
चाकं धुतली की पाणी तसंच लाल.
इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून
दुसरं टोक तो कानाला लावायचा.
डावा कान त्यातच गेला.

सेवेच्या दाखल्यात एक शब्द अडला: कार्रेरा.
म्हणजे कारकीर्द. म्हणजे ठरल्या वाटेची फेरीही.
माझी आई मडगावच्या बसला कार्रेराच म्हणायची,
ती चुकली की अख्खा दिवस चुकला.
एकोणतीस वर्षांची कार्रेरा.
मी सर्व्हिस लिहिलं, शिक्का मारला.
खरं म्हणजे पटलं नाही.

सत्त्याऐंशीत बार्रो प्रेतोपर्यंत डांबर पोचलं
आणि कंपनी बुडाली.
काही कोसळलं नाही, जळलं नाही,
खिडकीवर तिकीट मागायला माणूस आला नाही, इतकंच.
थकलेल्या चार पगारांपोटी
माणशी एक खुर्ची दिली, विमानातली.
बोनिफासची बोटीनं मुरगावला उतरली, त्याच्यासोबत.
अजून सोप्यावर आहे.
क्लेमेंसिना तिच्यात बसून सुंगटं सोलते,
पट्ट्याशी मांजर खेळतं.

राहिली लॉगबुकं.
उतरल्याची वेळ, तेल किती, गळती कुठं.
आणि प्रत्येक पानाच्या कडेला, पेन्सिलीनं, आणखी एक वेळ,
साडेनऊ तासांनी पुढची.
साडेतीनला बार्रो प्रेतो. कडेला: एक.
पुढं कुठं कुठं दोन शब्द:
ती जागी असेल.

अर्जात या रकान्याला जागा नव्हती.
मी तिला नुसतं वाचून दाखवलं.

"रात्री एकला?" ती म्हणाली.
"मी झोपलेली असायचे हो.
पहाटे मासळीला जायचं असायचं."

डब्याचं झाकण लावलं.
पुन्हा काढलं, वही परत मागून घेतली.
"हे त्यांना नका पाठवू."

मग विचारलं, याचे किती?
म्हटलं, हे कुठं उतरवलंय मी.
तरी तिनं दीडशे मोजले, सुट्टे,
आणि तेवढ्यात डोक्यावरून दाबोळीचं एक विमान खाली आलं.
आवाज जाईपर्यंत
आम्ही दोघं पैशांवर हात ठेवून थांबलो.